सालासकट

चौदाव्या मजल्यावर मातीचा वास येतो, हे मेधाने कोणालाही सांगितलं नव्हतं.

रोज येत नसे. एकादशीला यायचा, सकाळी नऊच्या सुमारास, घर रिकामं झालं की. नवरा, प्रबोध, ऑफिसला गेलेला. मुलगी, अवनी, शाळेत. आणि सासूबाई, ज्यांना ती आईच म्हणायची, एमआरटी मेट्रोने लिटिल इंडियातल्या देवळात. मेधाची कंपनी वन-नॉर्थ भागात होती. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायची मुभा होती आणि एकादशी आली की त्यातला एक दिवस ती त्या दिवशी घ्यायची. पहिल्यांदा तो योगायोग होता. नंतर तिला बाहेर पडवेना. आपण नसताना वास आला आणि रिकाम्या घरात फिरून गेला, हे तिला वास येण्यापेक्षाही वाईट वाटायचं.

वास ओळखीचा होता. बटाटे न सोलता उकडायला ठेवले की झाकणाखालून येतो तो, ओल्या मातीचा, जरासा गोणपाटाचा. त्याच्या मागून तुपात जिरं तडतडल्याचा. ती लॅपटॉप बाजूला ठेवून स्वयंपाकघरात जाई. शेगडी थंड. कुकर खालच्या कपाटात, कोरडा. बटाट्याची टोपली रिकामी, कारण गेल्या अकरा महिन्यांत या घरात बटाटा आलाच नव्हता. तसं कोणी ठरवलं नव्हतं. आईंनी आणणं थांबवलं, मेधाने विचारलं नाही, एवढंच.

तिने शंका फेडून घेतली होती. कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिली होती. शेजारचं वयस्क चिनी जोडपं सकाळचं खायला खाली तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांवरच जायचं. त्यांच्या दाराला त्या वेळी कुलूप असायचं. खालच्या मजल्यावर कामाला जाणारी पोरं भाड्याने राहायची, तीही आठला निघून जायची. वास बाहेर नव्हता. दार ओलांडून आत आलं की असायचा.

अकरा महिन्यांपूर्वी, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तिचे सासरे हेमचंद्र, ज्यांना ती बाबा म्हणायची, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत चहाची वाट बघत बसले होते. आईंनी कप आणला तेव्हा ते एका बाजूला कलले होते. हॉस्पिटलात पोचल्यावर तासाभरात सगळं संपलं. वय एकाहत्तर. किडन्या दीड वर्षापासून अधू होत्या, पण डायलिसिसची वेळ आलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, रक्तात पोटॅशियम फार वाढलं आणि हृदय थांबलं.

---

त्या सोमवारी चैत्रालीचा फोन आला. ती इथल्या मराठी मंडळाच्या अंकाची संपादक. कामाची आणि घाईची बाई.

"मेधा, अगं ऐक. मंडळाचं पंचविसावं वर्ष, माहितीये ना? निवडक लेखांची पुस्तिका काढतोय. तुझा तो बटाट्याचा लेख घेतलाय. 'बटाट्याचं साल फेकू नका.' एक नंबर लेख. अजून लोक आठवण काढतात."

मेधाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? आहेस ना? काही करायचं नाहीये तुला. जुनी फाइल पाठवते, एकदा नजर टाक आणि शुक्रवारी मला 'ठीक आहे' एवढं कळव. आणि प्रकाशकाका तर माझ्या मागेच लागलेत. म्हणतात, डायलिसिस सुरू झाल्यापासून डॉक्टरांनी अर्धं ताट काढून घेतलं, निदान एकादशीला तरी मनासारखं खाऊ दे. हेमचंद्रकाका त्यांना सांगायचे म्हणे, सुनेच्या पद्धतीने सालासकट खा."

"त्यांना पाठवू नकोस," मेधा म्हणाली.

"काय?"

"म्हणजे... पुस्तिका छापून झाल्यावरच दे. मी आधी बघते."

"हो गं बाई. शुक्रवार!"

मेधाने फोन खाली ठेवला. प्रकाशकाका म्हणजे बाबांचे इथले एकुलते एक दोस्त. रोज सकाळी दोघं ब्लॉकच्या खाली फिरायचे, मग बाकावर बसायचे. आता काका एकटेच बसत.

---

लेख खरा होता. हीच त्यातली अडचण होती. एकही आकडा चुकलेला नव्हता.

आहारशास्त्र हा मेधाचा पोटापाण्याचा धंदा. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर मागच्या बाजूला जो तक्ता असतो, तो तपासणं हे तिचं काम. तीन वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या अंकासाठी चैत्रालीने एक पान मागितलं, तेव्हा तिने मनापासून लिहिलं होतं. आपल्याकडे बटाट्याला उगाच नावं ठेवतात. सालात आणि सालाला लागून असलेल्या पातळ थरात तंतू भरपूर असतात, लोह असतं. सोलून, चिरून उकडला तर क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम पाण्यात उतरतं आणि पाण्याबरोबर मोरीत जातं. सालासकट उकडला तर ते आतच राहतं. साल हिरवट असेल किंवा कोंब आले असतील तर तो बटाटा खाऊ नका. बाकी नीट घासून धुवा आणि बिनधास्त खा. शेवटी कृती दिली होती: तूप, जिरं, मीठ, सालासकट फोडी, खरपूस.

बाबा पुण्याच्या एका छापखान्यात बत्तीस वर्षं मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन परदेशात मुलाकडे आले तरी निळी पेन्सिल खिशात असायची. अवनीच्या शाळेच्या सूचनापत्रातल्या चुकाही ते काढून ठेवत. त्यामुळे लेखाचं मुद्रित त्यांच्याकडेच गेलं. डायनिंग टेबलवर चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोन वेलांट्या सुधारल्या, एक स्वल्पविराम घातला आणि म्हणाले, "दोन ओळी जास्त होताहेत. पान फुटतंय."

"मग कुठल्या काढू, बाबा?"

त्यांनी पानावरून पेन्सिल फिरवली. तळाशी दोन ओळी होत्या: किडनीचा विकार असलेल्यांनी मात्र बटाटा सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकडावा आणि ते पाणी फेकून द्यावं, आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सालासकट खाऊ नये. त्याच्या वरच्या दोन ओळी कोथिंबिरीच्या होत्या: वरून बारीक चिरलेली कोथिंबीर भुरभुरली की चवही वाढते आणि रंगही खुलतो.

"उपासाला कोथिंबीर चालते की नाही यावर मंडळात हाणामारी होईल," बाबा म्हणाले, "पण ओळ गोड आहे. राहू दे. ही खालची काढ. सावधगिरीची शेवटची ओळ कोणी वाचत नाही, मेधा. मी बत्तीस वर्षं वाचल्या, पगार होता म्हणून."

ती हसली होती. त्यांनी ओळींवर आडवी रेघ मारली, समासात काढून टाकण्याची खूण केली. लेख पानात बसला.

पुढच्या जानेवारीत बाबांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन वाढलेलं, किडन्या थकलेल्या. हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक वही लिहायला सांगितली. रोज चार रकाने: न्याहारी, दुपारचं, संध्याकाळचं, रात्रीचं. आई लिहायच्या, बारीक, नेटकं: अर्धी वाटी वरण, दोन पोळ्या, दुधी. मेधा दर रविवारी ती वही तपासायची, ऑफिसात तक्ते तपासायची तशीच, पेनाचं टोक एकेका पदार्थावर टेकवत. केळं दिसलं की वर्तुळ. टोमॅटो दिसला की वर्तुळ. बाबा चिडवायचे, "आली शुद्धलेखनाची बाई."

महिन्यातून दोन दिवस चारही रकाने मिळून एकच शब्द असायचा, मोठ्या अक्षरात, तिरका: उपास. तिथे मेधा बरोबरची खूण करून पुढे जायची.

दीड वर्ष. पस्तीस-छत्तीस एकादश्या. इतक्या वेळा तिने त्या शब्दावर खूण केली, आणि पोटॅशियमचा मिलिग्रॅम मिलिग्रॅम मोजणाऱ्या तिच्या डोक्यात एकदाही आलं नाही की हा शब्द म्हणजे रिकामं ताट नव्हे. उपास म्हणजे चार बटाटे सालासकट, शेंगदाण्याची आमटी, खजूर, रताळ्याचा कीस, संध्याकाळी एक शहाळं. आहारतज्ज्ञ बाईंच्या मनाईच्या यादीतलं जवळजवळ सगळं, एकाच दिवशी. पण लहानपणापासून तिच्या माहेरीही तेच होतं. उपास आहे म्हणजे आज काही खाल्लेलं नाही. पोटाला तेवढाच आराम.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, काल काय काय खाल्लं होतं? प्रबोधने बरोबर आणलेली वही उघडली, शेवटचं पान बघितलं आणि म्हणाला, "काल एकादशी होती. काहीच नाही."

त्या क्षणी मेधाला सगळं दिसलं. एका झटक्यात, छापल्यासारखं. लेख, रेघ, वही, खुणा. समोर बाकावर आई बाबांचा चष्मा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यादेखत बोलायचं नाही, असं मेधाने ठरवलं. आईंसाठी गप्प बसलो, असं ती नंतर अकरा महिने स्वतःला सांगत राहिली. ते थोडं खरंही होतं.

---

मंगळवारी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, तिने फाइल उघडली आणि त्या दोन ओळी परत टाइप केल्या. पान फुटलं. दोन ओळींनीच, तेव्हासारखं. ती बघत राहिली. मग ओळी पुसल्या. पान जागेवर आलं. असं तिने चार वेळा केलं.

ओळ घातली तर आई वाचणारच. भिंग घेऊन अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणाऱ्या मंडळात त्या एकट्याच होत्या. लेख त्यांना तोंडपाठ होता. बाबांनी तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, अजून होता. नवी ओळ त्यांच्या नजरेतून सुटणार नव्हती. आणि ओळ वाचली की त्यांना कळणार होतं की चाळीस वर्षांच्या संसारातलं शेवटचं जे ताट त्यांनी वाढलं, त्यात काय होतं.

ओळ नाही घातली तर प्रकाशकाका होते.

एवढं सरळ होतं. तरी मंगळवार गेला.

बुधवारी दुपारी चैत्रालीचा मेसेज आला: 'सॉरी हं, काका ऐकेचनात, जुनी फाइल पाठवून टाकली. उद्या एकादशी, खूश आहेत एकदम.' मेधाने तो वाचला. फोन करायचा, आत्ता, असं ठरवून ती मीटिंगला गेली. मीटिंग संपली. काकांना फोन केला तर ते पहिला प्रश्न काय विचारतील, ते तिला ऐकू येत होतं. हेमचंद्र खायचा की, त्याला कुठे काय झालं? घरी येताना एमआरटीत तिने दोनदा त्यांचा नंबर काढला आणि दोनदा फोन पर्समध्ये टाकला.

रात्री जेवताना अवनी म्हणाली, "मम्मी, टुमारो युवर स्टँडिंग डे, राइट?"

"काय?"

"लास्ट टाइम आय गॉट फीव्हर, आय सॉ यू. यू जस्ट स्टँड इन द किचन. सो लाँग. नॉट कुकिंग, नथिंग. क्रीपी लाह."

प्रबोध हसला. आई हसल्या नाहीत. ताटातला भात बोटांनी एकत्र करत त्या मेधाकडे बघत राहिल्या.

---

गुरुवारी सकाळी सगळे गेले आणि आई घरीच राहिल्या.

"आई, आज देऊळ नाही?"

"गुडघा धरलाय." त्या डायनिंग टेबलशी येऊन बसल्या. पुढ्यात दुधाचा पेला. एकादशीला त्या अलीकडे फक्त दूध घेत. "तू कर तुझं काम. मी काही बोलत नाही."

मेधाने लॅपटॉप उघडला. समोर लेखाचं पान होतं. तिने झाकण अर्धं मिटलं. पंखा फिरत होता. खाली शाळेच्या बसचा हॉर्न वाजला. नऊ वाजले. नऊ वाजून सात मिनिटं झाली.

आधी माती आली. मग गोणपाट. मेधा अर्ध्या मिटलेल्या झाकणाकडेच बघत राहिली. तिने मान वर केली नाही. आज घरात दुसरं माणूस आहे, आज येणार नाही, असं तिने गृहीत धरलं होतं.

आईंनी पेला टेबलावर ठेवला.

"आला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"वास. तुला येत नाही का?"

"येतो," मेधा म्हणाली.

"मला वाटायचं, मलाच येतो," आई म्हणाल्या. "म्हणून तर पळते मी देवळात. नऊच्या आत. देवदर्शन कसलं, बाहेर बाकावर बसते आणि अकरा वाजले की परत येते. काल अवनी बोलली तेव्हा म्हटलं, म्हणजे ही इथे एकटी उभी राहते दर एकादशीला. माझ्या वाटणीचाही वास घेत."

तुपात जिरं पडल्यासारखा वास आला. दोघीही स्वयंपाकघराकडे बघत होत्या. शेगडी टेबलावरून दिसत होती. तिच्यावर काही नव्हतं.

आई उठल्या, गुडघा अजिबात न सांभाळता आपल्या खोलीत गेल्या आणि साड्यांच्या खालून ती वही घेऊन आल्या. शेवटचं पान उघडून मेधापुढे ठेवलं. उपास. तिरकं, मोठं.

"त्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला सांगितलं होतं," आई म्हणाल्या. "बटाटा सोला, चिरा, पाण्यात उकडा, पाणी फेका. रोजच्या भाजीला मी तसंच करायचे, तू बघितलंयस. एकादशीला नाही केलं. उपासाचं भांडं वेगळं, उपासाचं सगळंच वेगळं, असं डोक्यात. देवासाठी केलेलं कोणाला कशाला बाधेल? आणि त्यांना सालच हवं असायचं. 'सुनेने लिहिलंय, बाई, तू शिकवू नकोस.' मी चार उकडले. हॉस्पिटलात प्रबोधने ही वही उघडली ना, तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं. गिळलं. म्हटलं, आता माझं नाव येईल."

"आई, यात तुमचं नाही, माझं नाव आहे."

मेधाने टेबलाखालचा खण उघडला. बाबांचे चष्मे, निळ्या पेन्सिलीचा तुकडा, आणि त्यांच्या खाली जुनं मुद्रित. अकरा महिन्यांत तिने ते बाहेर काढलं नव्हतं. आईंनी भिंग मागितलं. त्यांनी लेख वरपासून वाचला, सवयीने, एक शब्द न गाळता. तळाशी आल्यावर भिंग थांबलं. रेघेखालची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

"ही त्यांची रेघ."

"हो."

"त्यांनीच काढली."

"मी विचारलं, कुठली काढू. त्यांनी ही दाखवली. मी काढली."

"तेव्हा त्यांना काही झालेलं नव्हतं."

"नव्हतं."

आईंनी भिंग खाली ठेवलं. "आणि झाल्यावर? तुला आठवली होती ही ओळ?"

हा प्रश्न प्रबोध विचारेल असं मेधाला अकरा महिने वाटत होतं. त्याला द्यायची उत्तरं तिच्याकडे तयार होती. आईंना ती चालली नसती.

"एकदा आठवली," ती म्हणाली. "रिपोर्ट आला त्या आठवड्यात. म्हटलं, त्या बाईंनी सांगितलंच असेल. आणि मग मी वही तपासत होते. दर रविवारी. बरोबर, बरोबर, बरोबर."

आई 'असू दे' म्हणाल्या नाहीत, हात पुढे केला नाही. त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघितलं. वास होता.

मग त्यांनी विचारलं, "हे आत्ता कशाला काढून बसलीस? काल रात्रीपासून तुझं तोंड उतरलंय."

मेधाने फोन पुढे केला. आईंनी चैत्रालीचा मेसेज भिंगातून वाचला. दोनदा.

"आज एकादशी आहे, मेधा."

"हो."

"आणि तू अजून फोन केला नाहीस?" आवाज चढला नव्हता, त्यामुळेच मेधाला तो लागला. "लाव. आत्ता लाव."

पहिल्या वेळी रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. मेधाने परत लावला. घड्याळात नऊ पंचवीस झाले होते. आईंनी तिच्या हातून फोन घेतला आणि स्पीकर चालू केला.

"हं, बोला बोला," प्रकाशकाकांचा आवाज आला, मागे नळ वाहत होता. "मेधा, शंभर वर्षं आयुष्य आहे तुला. तुझेच बटाटे घासतोय. ब्रश घेऊन, तू लिहिलंयस तसे. लहान मुलाला आंघोळ घालावी तसे चकचकीत केलेत."

"भावजी, मी बोलतेय. कुकर लावलात?"

"वहिनी! नाही, लावतोय. पाच घेतलेत. तीन शिट्ट्या पुरेत ना?"

"लावू नका."

"आता काय झालं?" काका हसले. "डॉक्टरांनी जेवण काढलं, तुम्ही उपास काढता? मग मी करू काय, हवा खाऊ?"

"दूध घ्या अर्धा पेला, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. बटाटा खायचाच असेल तर सोला, बारीक चिरा, मोठ्या पातेल्यात उकडा, पाणी ओतून द्या, आणि तेही त्यांना विचारून. सालासकट नाही. शेंगदाणे नाही, खजूर नाही. शहाळं अजिबात नाही."

"अहो, हेमचंद्र तर दर एकादशीला—"

"चार खाल्ले होते," आई म्हणाल्या. "आदल्या दिवशी. चार बटाटे सालासकट, वाटीभर शेंगदाण्याची आमटी, खजूर. संध्याकाळी तुमच्याबरोबर खाली शहाळं."

नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"वहिनी," काका हळू म्हणाले, "तुम्ही तर म्हणाला होतात, त्या दिवशी काही खाल्लं नव्हतं."

"म्हणाले होते."

"ते शहाळं मी आणलं होतं. आग्रह करून."

"माहितीये," आई म्हणाल्या. "तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं. बटाटे ठेवा बाजूला. मी दुपारी येते."

फोन बंद केल्यावर वास होता की नव्हता, हे नंतर दोघींपैकी एकीलाही सांगता आलं नाही.

आईंनी वही आपल्याकडे ओढली, खणातली निळी पेन्सिल उचलली आणि मेधाच्या हातात दिली. "मी सांगते, तू लिही. त्या शब्दाच्या खाली जागा आहे."

मेधाने लिहिलं. न्याहारी: बटाटे चार, सालासकट. दुपारचं: शेंगदाण्याची आमटी, वाटीभर, रताळ्याचा कीस. संध्याकाळचं: शहाळं एक. रात्रीचं: खजूर सहा, दूध. आई एकेक आठवून सांगत होत्या, किती चमचे तूप होतं तेही. रकाने भरले. मेधाच्या पेन्सिलीचं टोक सवयीने समासाकडे गेलं, खूण करायला. तिने ते तिथेच थांबवलं.

"आता तो लेख," आई म्हणाल्या.

मेधाने लॅपटॉप उघडला. कोथिंबिरीच्या दोन ओळी काढल्या, किडनीच्या दोन ओळी तळाशी घातल्या. पान नीट बसलं. तिने ते आईंकडे वळवलं.

"शेवटची कोणी वाचत नाही, असं म्हणाले होते ना?"

"हो."

"मग पहिली कर. आणि आपल्या घरी झालं असं लिही. नावानिशी."

"आई, मंडळात सगळ्यांना—"

"नावानिशी म्हटलं मी."

---

प्रबोधला त्यांनी संध्याकाळी सांगितलं. दोघींनी मिळून, अवनीला खाली खेळायला पाठवून. त्याने वही वाचली, मुद्रित वाचलं, लॅपटॉपवरचं पान वाचलं. मग मेधाला विचारलं, "हॉस्पिटलात मी 'काहीच नाही' म्हणालो तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

तो उठून कॉरिडॉरमध्ये गेला आणि कठड्याला टेकून बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा जेवला. पण पुढचे कित्येक दिवस तो मेधाशी फक्त कामापुरतं बोलत असे. दूध संपलंय, अवनीची फी भरली, आईंच्या राहण्याच्या परवान्याचे कागद आले. मेधाने त्याला काही समजवायचा प्रयत्न केला नाही. तो हिशेब त्याचा होता आणि त्याला हवा तितका वेळ लागणार होता.

चैत्रालीने फोनवर एकदाच विचारलं, "नक्की हे पहिल्या ओळीत? पंचविसाव्या वर्षाच्या पुस्तिकेत?" मेधा हो म्हणाली. लेखाचं शीर्षक तेच राहिलं, कारण लेख खरा होता. मात्र त्याखालची पहिली ओळ अशी होती: आमच्या घरी हेमचंद्र, वय एकाहत्तर, किडनीचे रुग्ण, यांनी एकादशीला सालासकट बटाटे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी ते गेले, तुमच्या घरात किडनीचं दुखणं असेल तर उपासाच्या दिवसाचंही आहारतज्ज्ञांना सांगा, आणि वहीत नुसतं 'उपास' लिहू नका.

पुढच्या एकादशीला आई देवळात गेल्या नाहीत. मेधा ऑफिसला गेली नाही. प्रबोध नेहमीप्रमाणे आठला निघाला, लिफ्टपर्यंत गेला, आणि काही न बोलता परत येऊन टेबलाशी बसला.

नऊ वाजून सात मिनिटांनी वास आला. माती, मग गोणपाट, मग जिरं. प्रबोधने मान वर करून आधी आईकडे बघितलं, मग मेधाकडे. त्या दोघी त्याच्याकडेच बघत होत्या.

"बटाटे कोणी ठेवलेत?" त्याने विचारलं.

आईंनी पंखा बंद केला, वास लवकर जाऊ नये म्हणून, आणि बाबांची वेताची खुर्ची खिडकीजवळून ओढून टेबलाच्या चौथ्या बाजूला लावली.